घोडबंदर प्रांताची क्षत्रप

लग्नानंतरची पहिली तीन वर्षं माझ्या सासऱ्यांनी मला कुठलीच हाक मारली नाही. नावाने नाही, 'सूनबाई' म्हणून नाही, नुसतं 'अगं' म्हणूनसुद्धा नाही. पाणी हवं असलं की स्वयंपाकघराकडे तोंड करून ते म्हणायचे, "पाणी मिळेल का?" अर्ज भिंतीला केला आहे की मला, ते कळायचं नाही. मी पाणी द्यायचे, ते "हं" म्हणायचे, आणि आमचं त्या दिवसाचं संभाषण संपायचं.

माणूस वाईट नव्हता. अवघडलेला होता. डोंबिवलीतलं दोन खोल्यांचं घर, देव्हारा, सोवळं फारसं नाही पण कांदासुद्धा बेताने, आणि त्या घरात एकुलत्या एका मुलाने ठाण्याच्या कोळीवाड्यातली मुलगी आणलेली. माझी आई बाजारात टोपली घेऊन बसायची, मासे विकायची. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, लग्नाला विरोध केला नाही. हळदीला आमच्या दारात आले, खुर्चीच्या टोकावर बसले, सरबताचा पेला दोन्ही हातांत धरून ठेवला आणि निघताना तसाच भरलेला परत दिला. आमच्या आळीत त्या पेल्याचा विषय अजून निघतो. बाकीच्या लग्नाचं कुणाला काही आठवत नाही.

डोंबिवलीत त्या तीन वर्षांत मी मासा शिजवला नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. कर असंही कुणी म्हटलं नव्हतं. रविवारी आईकडे जाऊन मी पोटभर खाऊन यायचे आणि दारात शिरण्याआधी बडीशेप चघळायचे. नवऱ्याला हे सगळं कळत होतं. तो मला दुप्पट बडीशेप आणून द्यायचा. यापलीकडे त्याची मजल गेली नाही. त्याबद्दल मी त्याला पुष्कळ ऐकवलं आहे, इथे परत ऐकवत नाही.

मग आम्ही घोडबंदर रोडला घर घेतलं. सामान टेम्पोत चढलं, सासूबाईंचे डोळे भरून आले, आणि बाबा कपाटातून एक कागद घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. कागद त्यांनी थेट माझ्या हातात दिला, हेच मुळात नवल होतं. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "जा. क्र. १. विषय: घोडबंदर प्रांती क्षत्रपपदी नेमणूक. उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आजपासून सदर प्रांताचा कारभार आपण पाहावा. प्रत माहितीसाठी: मुदपाकखाना." मुदपाकखाना म्हणजे सासूबाई.

आता या क्षत्रपामागचं इराणचं प्रकरण सांगायला हवं. बाबा सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात, बाबा इराणात गेले. पस्तीस वर्षं दफ्तर, शिरस्तेदार, नाझर, फडणीस हे शब्द कानावरून गेलेले. ही हुद्द्यांची मंडळी आली तरी कुठून, म्हणून त्यांनी कोपऱ्यावरच्या वाचनालयात शोध घ्यायला सुरुवात केली आणि मागे मागे जात थेट प्राचीन इराणच्या हखामनी राजांच्या दरबारात पोचले. एवढं मोठं साम्राज्य, त्याचे प्रांत पाडलेले, आणि प्रत्येक प्रांतावर एक क्षत्रप. पुढे सासानींच्या काळात सरहद्द राखणारा मर्झबान. त्याच्याही पुष्कळ पुढे सफवींचा बेगलरबेगी, म्हणजे सुभेदारांचा सुभेदार. हा शब्द बाबा जेवताना उगाचच म्हणायचे, तोंडाला चव येते म्हणून. वर्तमानपत्रांत कुठल्याही पुढाऱ्याला क्षत्रप म्हटलेलं दिसलं की त्यांचा तिळपापड व्हायचा. "ही पदवी शकांबरोबर आपल्या कल्याणच्या बंदरापर्यंत आलेली आहे," ते म्हणायचे. "ती कुणालाही वाटायची नसते."

आणि ती मला मिळाली होती. मी विचारलं, "मला का? ह्यांना का नाही?"

"मुलाला कधी नेमू नये," बाबा म्हणाले. "राजपुत्रच सगळ्यांत आधी बंड करतात. त्याला किल्लेदार केलंय. आणि एक लक्षात ठेवा, क्षत्रप वेगळा, किल्लेदार वेगळा. दोघांनी दरबाराला परस्पर कळवायचं. हखामनींची पद्धत आहे ती. म्हणजे कुणी शेफारत नाही."

तीन वर्षांतलं ते त्यांचं माझ्याशी झालेलं सगळ्यांत लांब बोलणं. टेम्पोत बसल्यावर मी तो कागद तीनदा वाचला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. या माणसाला मला काय म्हणावं ते सुचत नव्हतं, म्हणून तो अडीच हजार वर्षं मागे जाऊन माझ्यासाठी एक शब्द घेऊन आला होता.

त्यानंतर कारभार सुरू झाला. संध्याकाळी बाबांचा फोन यायचा. आधी मला, "क्षत्रप, प्रांतात काय हालहवाल?" मग पाच मिनिटांनी नवऱ्याला, तेच प्रश्न. भाजी काय केली, पाणी आलं का, रोडला ट्रॅफिक किती. आमची उत्तरं जुळली नाहीत की दुसऱ्या दिवशी खुलासा मागायचे. मी एकदा दोडका सांगितला आणि नवऱ्याने पडवळ, तर तो विषय आठवडाभर चालला. सासूबाई मागून ओरडायच्या, "अहो, पुरे करा, त्यांना जेवू द्या!"

आणि तपासणी. इराणचा राजा म्हणे प्रांतांवर आपला माणूस अचानक पाठवायचा, त्याला राजाचा डोळा म्हणत. बाबा हे काम दुसऱ्या कुणावर सोपवायला तयार नव्हते. महिना-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी न सांगता उगवायचे. गेटवर वॉचमनने नाव विचारलं की स्वतःची ओळख करून द्यायचे. इंटरकॉम वाजायचा आणि वॉचमन गोंधळून म्हणायचा, "मॅडम, कोई राजा का आँख आया है. भेजूं?"

तो नेमका रविवार असायचा. रविवारी आमच्याकडे आईने पाठवलेले मासे असायचे. आता ते माझं घर होतं, माझा ओटा होता, आणि मी तीन वर्षांची कसर भरून काढत होते. गेटपासून चौदाव्या मजल्यापर्यंत लिफ्टला चार मिनिटं लागायची. त्या चार मिनिटांत मी जे करायचे ते कुठल्या फौजेला जमलं नसतं. कढई गॅलरीत, वर उपडी कुंडी. तळलेले बोंबील मायक्रोवेव्हमध्ये. खिडक्या सताड उघड्या. लिंबाची सालं उकळत. चार उदबत्त्या आणि वर धूप. बाबा आत यायचे तेव्हा घर एखाद्या मठासारखं धुराने भरलेलं असायचं, आणि मी घामाघूम होऊन हसत उभी.

बाबा खुर्चीत बसायचे. चहा घ्यायचे. झाडं बघायचे, बेसिनचा नळ सोडून बघायचे, उंबरठ्याबाहेरचा दिवा लागतो का ते बघायचे. मग खिशातली छोटी वही काढून काहीतरी टिपायचे आणि कचेरीतल्यासारखं मोठ्याने म्हणायचे, "पाहिले!" बरोबर एका तासाने उठायचे. "जेवून जा ना बाबा, वरणभात टाकते," मी म्हणायचे. "नको, नको. दरबार खोळंबलाय." कितीही आग्रह केला तरी एका तासाच्या वर कधी थांबले नाहीत. मला ते लागायचं. वाटायचं, शेवटी माझ्या हातचं माझ्या घरी जेवायचं नाहीच यांना. सरबताचा तो भरलेला पेला मला परत दिसायचा.

चौदा वर्षं अशी गेली. चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. बाबा डोंबिवलीत एकटे राहिले. स्वतःचा वरणभात स्वतः करायचे आणि फोनवर "मुदपाकखाना बंद आहे, किरकोळ व्यवस्था चालू" असं सांगायचे. हुद्दे चालूच राहिले. माझ्या मते बाबा त्या हुद्द्यांच्याच आधारावर उभे होते.

मग त्यांची इमारत पुनर्विकासाला निघाली. सगळ्यांनी घरं रिकामी करायची. मला वाटलं, आता प्रश्नच नाही, बाबा आमच्याकडे येणार. मी आतली खोली आवरली, त्यांच्या पुस्तकांसाठी मांडणी करून घेतली, पलंगाच्या बाजूला धरायला दांडी लावून घेतली. आणि कळलं की अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आमचे बाबा भाड्याने खोली बघत फिरताहेत. दिव्याला एक बघितली, तिथे पाणी एक दिवसाआड. टिटवाळ्याला एक बघितली, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ती त्यांना पसंत होती, गणपती जवळ आहे म्हणून.

मी फोन केला. माझा आवाज चढलेला होता, ते कबूल करते. "बाबा, घर असताना खोली कसली बघताय? माझ्याकडे यायचं."

बाबा हसले. "क्षत्रप, इतिहास वाचा. हखामनींचा शेवटचा राजा, मागे ग्रीक फौज लागलेली, निघाला बाल्खच्या क्षत्रपाच्या भरवशावर. काय झालं? सासानींचा शेवटचा राजा, मागे अरब, गेला मर्वच्या मर्झबानाकडे. काय झालं? राजाने सुभ्यावर राहायला जाऊ नये. तपासणीला जावं, परत यावं."

मी फोन ठेवला आणि वाचून काढलं काय झालं ते. बाल्खच्या क्षत्रपाने राजाला बेड्या घातल्या आणि मारून वाटेत टाकून दिलं. मर्वच्या मर्झबानाने राजाला दगा दिला, तो बिचारा एका गिरणीत लपला आणि तिथेच मारला गेला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चौदा वर्षं ज्या शब्दाने मला हाक मारली, त्याचा शेवट हा? मी राजाला मारणारी? म्हणजे यांच्या मनात मी अजून परक्या मुलखातलीच. नवरा म्हणाला, "अगं, गंमत करतायत ते." मी म्हटलं, "तू किल्लेदार आहेस, तू गप्प बस." आठ दिवस मी बाबांचा फोन घेतला नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा प्रांताकडून अहवाल गेला नाही.

आईकडे जाऊन रडले. आई कोळंबी सोलत होती. तिने हात थांबवले नाहीत. म्हणाली, "घाबरतं कशाला गो? घरान मावरा शिजला म्हून कोन मरत नाय. जा, म्हाताऱ्याला घेऊन ये." मी म्हटलं, माशाचा काय संबंध? तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बाजारात शिळं पापलेट ताजं म्हणून घेतलंय.

घर रिकामं करायचा दिवस जवळ आला तेव्हा राग गिळून मी डोंबिवलीला सामान बांधायला गेले. बाबा वाचनालयाची पुस्तकं परत करायला गेले होते. कपाटावर एक फाइल होती, लाल फितीने बांधलेली. वर लिहिलं होतं, "घोडबंदर प्रांत. गोपनीय." गोपनीय म्हटल्यावर उघडणं आलंच.

आत प्रत्येक तपासणीची टिपणं होती, त्या छोट्या वहीतून नीट उतरवून घेतलेली.

"अचानक भेट. क्षत्रप घाईत. धूप. कढई गॅलरीत, वर कुंडी. विचारले नाही."

"किल्लेदारांचा अहवाल: काल चिंबोऱ्या झाल्या. क्षत्रप आनंदात."

"बोंबील. किल्लेदारांकडून कळते: झाकलेले, यंत्रात. आपण असेतो बाहेर काढत नाहीत. तासाभरात निघालो. थांबायला आवडले असते, परंतु त्यांचे अन्न थंड होत होते."

हे शेवटचं वाक्य मी किती वेळ बघत बसले, सांगता येत नाही. चौदा वर्षं तो माणूस माझ्या दारातून उपाशी परत गेला होता, मला गरम जेवता यावं म्हणून. आणि मी त्याच्यावर रुसत होते.

सगळ्यांत वरचं पान नवीन होतं. "इमारत पाडणार. क्षत्रपांचा आग्रह. हखामनींनी जिंकलेल्या मुलखाचे देव, भाषा, रीत यांत कधी हात घातला नाही, म्हणून राज्य टिकले. राजा प्रांतात कायमचा राहिल्यास तेथील रिवाज बंद पडेल. डोंबिवलीत तीन वर्षे बंद पडला होता. तेव्हा आपण एक शब्द बोललो नाही, ती चूक आपली. पुन्हा नको. सबब जाऊ नये."

मी फरशीवर बसून रडले, अगदी हुंदके देऊन. शेजारच्या काकू डोकावून गेल्या. त्यांना वाटलं जुनं घर सुटतंय म्हणून रडते आहे.

मग डोळे पुसले, कोरा कागद घेतला आणि बाबांच्याच पद्धतीने लिहिलं. "विषय: राजधानी हलविण्याबाबत. संदर्भ: आपण वेळोवेळी दिलेली माहिती. महोदय, हखामनी राजे हिवाळ्यात सूसाला आणि उन्हाळ्यात एकबतानाला दरबार हलवीत. त्याला कोणी पळून येणे म्हणत नसे. तरी दरबाराने घोडबंदरला यावे. प्रांताचे रिवाज पूर्ववत चालू राहतील, याची हमी क्षत्रप देत आहे. ते बंद पाडणे बेगलरबेगीलासुद्धा जमणार नाही. आपली विश्वासू." कागद फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवला आणि फीत मुद्दाम वेगळ्या गाठीने बांधली, म्हणजे उघडल्याचं त्यांना कळावं.

बाबा आले. आम्ही दोघांनी मिळून भांडी कागदात गुंडाळली. फाइल बाबांनी स्वतःच्या पिशवीत ठेवली.

दोन दिवसांनी माझ्या मोबाइलवर त्या कागदाचा फोटो आला. समासात तिरप्या अक्षरात शेरा होता: "पाहिले. तात्पुरत्या स्वरूपात मान्य."

बाबा शनिवारी आले. सोबत देव्हारा, तीन खोकी इराण आणि एक खोकं कपडे. दुसऱ्या दिवशी रविवार. फ्रिजमध्ये आईने धाडलेले बोंबील होते, पण लेखी हमी देणं सोपं असतं. सकाळी ओट्यापाशी उभी राहिले तर माझे हात चालेनात. मी भरलं वांगं केलं, वरणभात केला, आणि बोंबलांचा डबा आत ढकलून फ्रिज लावला.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. एवढ्या वर्षांत ते तिथवर कधी आले नव्हते. "किल्लेदारांचा अहवाल आहे की माल आलेला आहे," ते म्हणाले. "मग रिवाज कुठे आहे?"

"बाबा, वास येईल."

"येऊ दे. तुमच्या त्या धुपाने मला चौदा वर्षं शिंका येतायत. घरी पोचेपर्यंत थांबत नाहीत."

मी बोंबील काढले. रव्यात घोळवले, तव्यावर टाकले. खिडकी उघडली नाही, लिंबाची सालं उकळली नाहीत. बाबांनी स्वतः पाट-पाणी घेतलं, म्हणजे आमच्या टेबलावर ताटं मांडली, आणि माझं ताट आपल्या समोर ठेवलं. त्यांच्यापुढे वरणभात आणि वांगं, माझ्यापुढे बोंबील. नवरा मध्ये बसून आळीपाळीने दोघांकडे बघत होता. मला पहिला घास उचलवेना. बाबांनी आपल्या ताटातली लिंबाची फोड उचलली आणि माझ्या ताटात ठेवली. "ह्याला लागतं ना लिंबू?" मी मान हलवली आणि जेवायला लागले.

ते त्या दिवशी तासाभराने उठले नाहीत. माझं संपेपर्यंत समोर बसून राहिले. दुपारी आतल्या खोलीत आडवे झाले, तेव्हा मी त्यांना पांघरूण द्यायला गेले. फाइल टेबलावर उघडीच होती, फीत सोडलेली. आता त्यावर 'गोपनीय' नव्हतं, खोडलेलं होतं. त्या दिवसाचं टिपण दोनच ओळींचं होतं.

"बोंबील. उघड्यावर, गरम.

सूनबाई पोटभर जेवल्या. पाहिले."